देव न मानणाऱ्याची साक्ष

मंत्रिमंडळाचा शपथविधी आपण रेडिओवर ऐकला असेल, दूरचित्रवाणीवर पाहिलाही असेल. राज्यपाल 'मी' एवढेच म्हणतात आणि पुढचे वाक्य मंत्री पुरे करतो. बहुतेक जण 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो की' असे म्हणतात. मधूनच एखादा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो की' असे म्हणून जातो, आणि ऐकणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ चुकला तर नाही ना? तो चुकलेला नसतो. आपल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत ही दोन्ही रूपे दिलेली आहेत. त्यांतले कोणते म्हणायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. दोन्हींचे वजन सारखेच.

आज ही गोष्ट साधी वाटते. परंतु दुसऱ्या वाक्याला पहिल्याच्या शेजारी जागा मिळावी म्हणून माणसांनी दंड सोसले, नोकऱ्या गमावल्या, तुरुंगही पाहिला. देव न मानणाऱ्या माणसाविषयी समाजाच्या मनात जी अढी असते तिचे मूळही या शपथेच्या प्रश्नातच सापडते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

गावाकडे शिवेचा किंवा भाऊबंदकीचा तंटा निघाला आणि कागद कमी पडले, की एखादा म्हातारा म्हणणारच, "मग उचल बेलभंडार!" बेल आणि भंडारा हातात घेऊन जो बोलेल तो खोटे बोलणार नाही, अशी गावाची समजूत. लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला सांगतात तेही याच हिशेबाने. मराठेशाहीत तर वतनाचे वाद दिव्यावर जात. रवा दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. मग हाताला पिशवी बांधून तिच्यावर मोहर करीत आणि काही दिवसांनी हात तपासून निवाडा देत. या सगळ्याच्या मुळाशी विचार एकच : माणसाला खोटे बोलण्यापासून देवाचे भय रोखते.

हा विचार अगदीच वेडगळ होता असे म्हणता येणार नाही. पोलीस नाहीत, नोंदणी कचेरी नाही, लिहिता येणारे गावात दोन-चार, अशा काळात माणसाच्या शब्दाला धरून ठेवायला दुसरे काय होते? अडचण एवढीच, की या विचाराला एक शेपूट चिकटते. देवाचे भय हेच जर सत्याचे कुलूप असेल, तर ज्याला ते भय नाही त्याचा शब्द उघड्या घरासारखा! त्याची साक्ष कशी घ्यायची? त्याला पंच कसा नेमायचा? त्याच्या घरात मुलगी कशी द्यायची?

हे केवळ अडाणी लोकांनाच वाटत होते असे समजू नका. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक हा सहिष्णुतेचा मोठा पुरस्कर्ता. धर्माच्या बाबतीत सरकारने सक्ती करू नये, असे त्याने १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात आग्रहाने मांडले. पण त्याच पत्रात त्याने नास्तिकांना मात्र वगळले. वचन, करार आणि शपथ यांनी समाज बांधलेला असतो, आणि देव न मानणाऱ्याला ती बंधने बांधूच शकत नाहीत, असे त्याचे म्हणणे. एवढ्या उदार माणसाच्या उदारपणाची वेसदेखील इथे येऊन बंद झाली.

लॉकने जे पुस्तकात लिहिले ते इंग्लंडच्या न्यायालयांत प्रत्यक्ष चालत होते. १८६९ साली कायदा बदलेपर्यंत, मी देव मानत नाही असे जो साक्षीदार उघड सांगेल त्याची साक्षच घेतली जात नसे. १८५७ साली लंडनमध्ये एका परदेशी गृहस्थाची चोरी झाली. तो फिर्याद घेऊन गेला, पण देवावर विश्वास नसल्याचे त्याने सांगितले, म्हणून त्याला न्याय नाकारण्यात आला. म्हणजे चोर मोकळा. जॉन स्टुअर्ट मिलने आपल्या 'ऑन लिबर्टी' या १८५९ सालच्या ग्रंथात या प्रकाराचा समाचार घेतला आहे. त्याचा मुद्दा बिनतोड आहे आणि आपण तो नीट लक्षात घ्यावा. या नियमाने अडते कोण? जो लबाड नास्तिक आहे तो खुशाल देवाची शपथ घेतो आणि साक्ष देऊन घरी जातो. अडतो तो एकटा प्रामाणिक नास्तिक, कारण चारचौघांत बदनाम होण्याची पाळी आली तरी तो खोटे बोलायला तयार नसतो. खोटे बोलणारे गाळण्यासाठी चाळणी केली, आणि तिने गाळले ते नेमके खरे बोलणारे!

मिलचा हा मुद्दा पुढे एका माणसाच्या आयुष्यात अक्षरशः खरा ठरला. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ. हा १८३३ साली लंडनमध्ये गरीब घरात जन्मला. नास्तिक म्हणून उघडपणे व्याख्याने देत तो गावोगाव फिरे. १८८० साली नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्याला पार्लमेंटवर निवडून दिले. सभागृहात बसण्यापूर्वी देवाच्या नावाने शपथ घ्यावी लागे. ब्रॅडलॉने विनंती केली, की न्यायालयात आता चालते तशी साधी प्रतिज्ञा मला येथेही करू द्या. समिती नेमली गेली. तिने एका मताने नकार दिला. बरे, मग मी रूढ शपथ घेतो, असे तो म्हणाला. त्यातले देवाविषयीचे शब्द माझ्या लेखी अर्थशून्य आहेत, तरी त्या शपथेतले वचन मात्र मी बंधनकारक मानीन, असे त्याने वर्तमानपत्रांतून आधीच जाहीर केले होते. यावर विरोधक म्हणाले, मग तुला शपथ घेता येणार नाही, तो शपथेचा अपमान होईल!

प्रतिज्ञा नाही आणि शपथही नाही. दोन्ही दारे बंद. तो गप्प बसला असता तर त्याला कोणी विचारलेही नसते. मनातून देव न मानणारे आणि निमूटपणे शपथ उरकणारे सभासद त्या सभागृहाला नवीन नव्हते. ब्रॅडलॉचा गुन्हा एवढाच, की मनात होते ते त्याने सांगून टाकले.

पुढे सहा वर्षे जे चालले ते एखाद्या नाटकात शोभावे. २३ जून १८८० रोजी सभागृहातून निघून जाण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कैदेत ठेवले. बिग बेनचे ठोके तुम्ही कधी बीबीसीवर ऐकले असतील, तोच हा मनोरा. दुसऱ्या दिवशी सोडले. मग स्वतःच्या जोखमीवर प्रतिज्ञा करून बसण्याची मुभा मिळाली. लगेच कोणी त्याच्यावर दावा लावला, की कायदेशीर शपथ न घेता याने मत दिले, दर मतामागे पाचशे पौंड दंड भरावा. जागा गेली. पोटनिवडणूक झाली. नॉर्दम्प्टनने त्यालाच निवडून दिले. ऑगस्ट १८८१ मध्ये तो आत जाऊ लागला, तर सेवकांनी आणि पोलिसांनी ढकलत-ओढत त्याला बाहेर काढले. कपडे फाटले, अंग ठेचले. १८८२ साली त्याने सभागृहात जाऊन खिशातून कागद आणि पुस्तक काढले आणि स्वतःच स्वतःला शपथ दिली! पुन्हा हकालपट्टी, पुन्हा निवडणूक, पुन्हा विजय. ते नॉर्दम्प्टनचे मतदार काही सगळे नास्तिक नव्हते. पुष्कळसे चर्चला जाणारे चांभार आणि जोडे शिवणारे कारागीर होते. आम्ही कोणाला पाठवायचे ते आम्ही ठरवू, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मला स्वतःला या सबंध हकिकतीत ब्रॅडलॉइतकेच हे मतदार मोठे वाटतात.

पंतप्रधान ग्लॅडस्टन अत्यंत धर्मनिष्ठ होते. ब्रॅडलॉची मते त्यांना मुळीच पसंत नव्हती. तरी १८८३ साली प्रतिज्ञेची मोकळीक देणारे विधेयक सरकारतर्फे आले, तेव्हा त्याच्या बाजूने त्यांनी आपले एक सर्वोत्कृष्ट समजले जाणारे भाषण केले. विधेयक तीन मतांनी पडले. शेवटी १८८६ साली नव्या अध्यक्षांनी कोणालाही मध्ये बोलू न देता ब्रॅडलॉला शपथ घेऊ दिली, आणि त्याच ब्रॅडलॉच्या खटपटीने १८८८ साली कायदा झाला, की ज्याला शपथ नको त्याने पार्लमेंटमध्ये व न्यायालयात प्रतिज्ञा करावी.

जानेवारी १८९१ मध्ये तो मरणाच्या दारी होता. २७ तारखेला पार्लमेंटने १८८० सालचा त्याच्याविरुद्धचा ठराव आपल्या दप्तरातून काढून टाकला. ब्रॅडलॉ शुद्धीवर नव्हता, त्याला हे कळले नाही. ३० तारखेला तो वारला.

या माणसाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानची बाजू तो इतक्या चिकाटीने मांडी, की त्याला 'हिंदुस्थानचा सभासद' म्हणत. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रसभेचे पाचवे अधिवेशन भरले, त्याला तो मोठ्या आजारातून उठून बोटीने आला. (त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही बरोबर १८८९ आले होते, हा एक मौजेचा योगायोग.) त्याच्या नावाने लाहोरात ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला. पुढे तेथेच नॅशनल कॉलेज भरू लागले. भगतसिंग हा त्या कॉलेजचा विद्यार्थी.

भगतसिंगाचे नाव आलेच आहे तर आणखी एक गोष्ट सांगतो. १९३० साली लाहोरच्या तुरुंगात, फाशी समोर दिसत असताना, त्याने आपण नास्तिक का आहोत यावर एक निबंध लिहिला. निमित्त काय, तर प्रसिद्धीने याचे डोके फिरले, अहंकारामुळे हा देव मानत नाही, असे काही सोबती म्हणत. देव न मानणाऱ्यावर हा दुसरा नेहमीचा आरोप. पहिला 'याच्या शब्दाचा भरवसा काय', आणि दुसरा 'याला गर्व झाला आहे'. मरण दारात उभे असताना जो माणूस आधार नाकारतो त्याला गर्विष्ठ म्हणायचे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्याकडे वळू. 'नास्तिक' हा शब्द आपण आज ज्या अर्थाने वापरतो तो एकच अर्थ त्याला पूर्वी नव्हता. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. उलट, जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक हे वेद मानतात म्हणून आस्तिकांच्या पंगतीला बसले. म्हणजे वाद मोकळा होता, निदान पंडितांच्या सभेत. घराच्या उंबऱ्यावर तो तसा मोकळा कधीच नव्हता. गोपाळ गणेश आगरकरांची गोष्ट शाळेत आपण शिकवतो. देवाबद्दल ते अज्ञेयवादी, म्हणजे मला ठाऊक नाही असे म्हणणारे. पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. घरातल्या माणसांनी ती पाहिली असेल. आगरकरांचे वर्तन कसे होते? एम. ए. झालेला माणूस, मोठ्या पगाराकडे पाठ फिरवून शिक्षक झाला आणि १८९५ साली एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आत गेला. त्यांच्या विरोधकांनाही त्यांच्या सचोटीवर बोट ठेवता आले नाही.

कायद्याने मात्र आपल्या देशात पुष्कळ वाट चालली आहे. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूने गंगाजळावर आणि मुसलमानाने कुराणावर शपथ घ्यावी असा रिवाज होता. १८४० च्या कायद्याने तो काढून प्रतिज्ञा आणली, पण त्या प्रतिज्ञेच्या वाक्यातही परमेश्वर होताच. आजचा शपथांचा कायदा १९६९ चा. त्यात 'ईश्वराची शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' यांपैकी काहीही चालते. तेव्हा साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची पाळी आली आणि तुम्हाला देवाचे नाव घ्यायचे नसेल, तर तसे सांगावे. हा तुमचा हक्क आहे. आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांनीही निर्धास्त राहावे, कारण खोट्या साक्षीची शिक्षा दोघांना एकच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, न्यायालयात जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वी जे काम देवाच्या भयावर सोपवले होते ते आता उलटतपासणी, कागद आणि ही शिक्षा करतात.

शिक्षकमंडळींना एक खटला मुद्दाम सांगतो. नाशिकच्या एका शाळेतले शिक्षक प्रार्थनेच्या वेळी आदराने उभे राहत, पण हात जोडत नसत. शिस्तभंग म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडकली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ साली न्यायालयाने निकाल दिला, की हात जोडण्याची सक्ती करणे हा मूलभूत हक्काचा भंग आहे. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने आणखी सांगितले, की अमुक एक धर्म लिहाच, अशी सक्ती सरकार कोणावर करू शकत नाही. कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचाही माणसाला अधिकार आहे. गंमत म्हणजे तो अर्ज करणारे नास्तिक नव्हते. येशूवर त्यांची श्रद्धा होती, फक्त कोणत्याही धर्माचा शिक्का त्यांना नको होता. मोकळीक अशी असते. ती एकासाठी केली तरी दुसऱ्याच्याही उपयोगी पडते.

वर्गात एखादे पोर प्रार्थनेला हात न जोडता उभे राहिले तर काय करावे? माझ्या मते काहीही करू नये. ते इतरांना त्रास देत नसेल तर तिकडे पाहूही नये. सगळ्या वर्गासमोर 'तुझ्या घरी देव नाहीत का रे?' असे विचारणे, ही त्या पोराची घडघडीत प्रेतयात्रा आहे. तो प्रश्न मग गावभर त्याच्या मागे फिरतो.

कायद्याची वाट अशी झाली, तरी घरातली आणि गावातली वाट अजून खडतरच आहे. बाप गेला आणि मुलाने डोके भादरले नाही, पिंड ठेवला नाही, की 'याला बापाची माया नव्हती' असा शिक्का बसतो. मग त्याने शेवटची दोन वर्षे बापाचे हगणेमुतणे काढलेले असो. जत्रेची वर्गणी न देणाऱ्याला चिक्कू म्हणतात, लग्नाच्या बोलणीत 'मुलगा तसा चांगला आहे हो, पण...' असे म्हणून स्थळ परत जाते. सुनेने देवपूजा करणार नाही म्हटले तर तिचे हाल आणखी वेगळे, कारण पुरुषाच्या नास्तिकपणाला निदान विद्वत्तेचे पांघरूण मिळते, बाईच्या नास्तिकपणाला उर्मटपणाच म्हणतात. आणि कधी गोष्ट जिवावर जाते. नरेंद्र दाभोलकरांची समिती देवाधर्माच्या विरुद्ध नव्हती, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेविरुद्ध होती. ते हे वारंवार सांगत. तरी त्यांना धर्मद्रोही म्हणणारे म्हणतच राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देव न मानणाऱ्यांच्या हाती सत्ता आली तिथे त्यांनी काय केले? अल्बानियात १९६७ साली सरकारने मशिदी आणि चर्चे बंद पाडली. श्रद्धाळू माणसाला असल्या गोष्टींची भीती वाटली तर ती खोटी नाही. पण तेथे दोष सक्तीचा होता. ब्रॅडलॉने कोणाची शपथ बंद करा म्हटले नव्हते, मला वेगळे वाक्य म्हणू द्या एवढेच म्हटले होते.

आता शेवटची हकिकत, आणि ती महात्माजींची. ब्रॅडलॉ वारला तेव्हा गांधीजी लंडनमध्ये कायद्याचे विद्यार्थी होते. इतर हिंदी लोकांबरोबर तेही अंत्ययात्रेला गेले. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे, की परतताना स्टेशनावर गाडीची वाट पाहत असता एका नास्तिकाने एका पाद्र्याला गाठले आणि देवाचा आकार किती, तो राहतो कुठे, असले प्रश्न विचारून त्या नम्र माणसाला सतावले. हे पाहून नास्तिकतेविषयीचा आपला पूर्वग्रह आणखी वाढला, असे गांधीजी प्रांजळपणे कबूल करतात. पूर्वग्रहाला पूर्वग्रह म्हणणे, हेही थोडे नाही.

पुढे १९४४ च्या अखेरीस सेवाग्रामला त्यांच्याकडे एक नास्तिक येऊन राहिला. त्याचे नाव गोपराजू रामचंद्र राव, लोक 'गोरा' म्हणत. हा आमच्याच धंद्यातला, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. जानवे घालायला नकार दिला म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलेला, नास्तिक विचारांपायी १९३३ साली काकिनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेलेली. मग खेड्यात राहून अस्पृश्यता मोडण्याचे काम त्याने धरले. गांधीजींनी त्याच्याशी वाद घातला, पण त्याला दूर केले नाही. त्याचे काम पाहिले. गोराने आपल्या मुलीचे लग्न एका हरिजन तरुणाशी ठरवले, तेव्हा ते सेवाग्राम आश्रमात लावायचे गांधीजींनी कबूल केले. विधीत 'ईश्वराच्या साक्षीने' असे शब्द यायचे होते. गोराला ते कसे चालणार? गांधीजींनी त्या जागी 'सत्याच्या साक्षीने' असे म्हणायचे ठरवले. लग्नाआधीच ३० जानेवारी १९४८ उजाडला. पुढे त्याच वर्षी ठरल्याप्रमाणे ते लग्न सेवाग्रामला लागले.